आईची स्मरणिका आणि थोरल्या लेकीची नोंद

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्यातला मुख्य भाग पुढे देत आहे.

‘माझी आई सात महिन्यांपूर्वी गेली. आमच्या वसाहतीत ती सगळ्यांची काकू होती. कुणाला दवाखान्यात न्यायचे असो, अर्ज लिहून द्यायचा असो किंवा दोन घरांतले भांडण मिटवायचे असो, माणसे आधी आमच्या दारात येत. रक्तगटानुसार रक्तदात्यांची नावे लिहिलेली एक वही तिने वर्षानुवर्षे सांभाळली होती. पहिल्या स्मृतिदिनाला तिच्यावर एक स्मरणिका काढायचे आम्ही ठरवले आणि मी थोरली म्हणून लेखनाचे काम माझ्याकडे आले. धाकट्या भावाला तिच्या नावाने न्यास आणि दरवर्षी पुरस्कार हवा आहे. मधल्या बहिणीला यातले काहीच नको. आई आपली होती, तिचा जाहीर सोहळा कशाला, असे ती म्हणते. माझी अडचण वेगळीच आहे. लोक भेटतात, “त्या आमच्याही आईच होत्या” म्हणतात आणि मला अभिमान वाटण्याऐवजी राग येतो. ती लोकांकडे असे तेव्हा घर मी सांभाळत होते, अगदी शाळेत असल्यापासून. हे लिहिले तर आईचा अपमान होईल, न लिहिले तर मी खोटे लिहिले असे होईल. नातेवाईक म्हणतात, आता उकरत बसू नकोस, त्याने दुःख लांबते. मी काय करावे?’

ताई,

तुम्ही ज्याला राग म्हणता त्यात एक माहिती दडलेली आहे, आणि ती वगळली तर तुमची स्मरणिका अपुरी राहील. आई एखाद्या आजारी शेजारणीच्या उशाशी रात्रभर बसू शकत होती, कारण त्या रात्री घरात धाकट्या भावंडांना झोपवणारे, सकाळी त्यांना उठवून शाळेत पाठवणारे दुसरे कुणीतरी होते, आणि ते कुणीतरी तुम्ही होता. तिच्या सामाजिक कामाचा एक भाग तुमच्या हातून झाला आहे, मात्र कुणी तुम्हाला विचारून तो तुमच्यावर सोपवला नव्हता आणि नंतर त्याचा उल्लेखही केला नाही. लोक ‘आमचीही आई’ म्हणतात तेव्हा तुम्हाला टोचते ते त्यांचे प्रेम नसावे. त्या प्रेमाच्या हिशेबात तुमचे नाव कुठेच नाही, हे टोचत असावे. हा मत्सर आहे असे मला वाटत नाही, आणि तो लपवण्याचेही कारण नाही.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की लिहा, आणि ते तक्रार म्हणून न लिहिता नोंद म्हणून लिहा. ‘आईने आमच्याकडे दुर्लक्ष केले’ हा निवाडा झाला, आणि तो वाचून भावंडे दुखावतील, लोक बचावाला धावतील आणि मुद्दा बाजूला पडेल. ‘आई दवाखान्यात असे त्या दिवसांत दोघा धाकट्यांचे सगळे मी पाहत असे, तेव्हा मी सातवीत होते’ ही घटना झाली. ती वाचणाऱ्याला आईही दिसते आणि तुम्हीही दिसता. आईचा त्यात अपमान कसा होईल ते मला दिसत नाही. उलट, एका बाईने एवढा व्याप कसा सांभाळला असेल या प्रश्नाला पहिल्यांदाच खरे उत्तर मिळते. याच न्यायाने तुमच्या वडिलांनी काय केले, काय केले नाही, घरात आणखी कुणी हातभार लावत होते का, हेही त्यात आले पाहिजे. समाजासाठी झटणाऱ्या माणसाच्या चरित्रातून घर बहुधा गायब असते, किंवा ‘कुटुंबाची मोलाची साथ लाभली’ अशा एका वाक्यात उरकलेले असते. त्या वाक्यावर माझा जुना राग आहे, त्यामुळे माझे मत थोडे झुकते असेल, हेही लक्षात ठेवा.

मात्र स्मरणिकेसाठी लिहिण्याआधी एकदा फक्त स्वतःसाठी लिहा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि त्यामागच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांना लिहून उठल्यावर लगेच अधिकच वाईट वाटले, पण पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्राकडे जाण्याची गरज त्यांना इतरांपेक्षा कमी पडली. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम कमीअधिक आढळला आहे, म्हणून त्याला रामबाण समजू नका. तुमच्या दृष्टीने उपयोगाचे एवढेच, की पहिल्या दोनतीन बैठकांनंतर मन जड झाले तर काहीतरी चुकते आहे असे मानू नये. या लेखनात रागाला मोकळे सोडा, भाषा सांभाळू नका आणि हे कागद कुणाला दाखवू नका. त्यातले काय छापायचे याचा विचार काही आठवड्यांनी करा. तोवर त्यातला निवाडा बराचसा गळून जाईल आणि घटना उरतील, असा माझा अंदाज आहे.

नातेवाइकांच्या सल्ल्याविषयी थोडक्यात सांगते. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोकातून बाहेर पडणे, हा विचार मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या १९१७ सालच्या निबंधापासून बराच काळ प्रबळ होता. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी या विचाराला ठामपणे छेद देणारी मांडणी केली. गेलेल्या माणसाशी असलेले नाते संपत नाही, ते रूप बदलून पुढे चालू राहते आणि त्यात आजार असे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी असे मांडले, की शोकात असलेले माणूस कधी दुःखाच्या आत जाते, कधी त्याकडे पाठ फिरवून रोजच्या कामाला लागते, आणि ही ये-जा हीच निरोगी गोष्ट आहे. म्हणून आठवणी गोळा करत बसल्याने दुःख लांबेल ही भीती बाळगू नका, पण रोज उठून हेच करायचे असा नियमही करू नका. पंधरा दिवस वहीला हात लावावासा वाटला नाही तर लावू नका. झोप उडाली, जगण्यातला रस गेला आणि महिने उलटूनही ते हटत नसेल, तर मात्र स्मरणिका बाजूला ठेवून डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोलणे आधी.

आता स्मरणिकेत काय असावे याकडे वळते, कारण तुमच्या तिघा भावंडांमधला तिढाही मला इथेच सुटताना दिसतो.

आपल्या समाजसेवी आईची स्मृती जगभर पोचवणारी एक मुलगी होऊन गेली, आणि तिची कथा तुम्ही तिघांनीही ऐकावी अशी आहे. अमेरिकेतल्या आजच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ॲन रीव्ज जार्विस यांची बरीचशी मुले लहानपणीच आजारांनी दगावली. १८५८ मध्ये त्यांनी आसपासच्या गावांत मातांची कार्यमंडळे उभी केली. ही मंडळे घरोघरी स्वच्छतेची माहिती देत, मुलांना मिळणाऱ्या दुधाची तपासणी करत, औषधांसाठी पैसे उभे करत आणि आई क्षयाने अंथरुणाला खिळली असेल त्या घरी मदतीला बाई ठेवत. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात या मंडळांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली आणि युद्ध संपल्यावर ॲन यांनी एकमेकांविरुद्ध लढलेल्या कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी मेळावा भरवला. १९०५ मध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी ॲना हिने १९०८ च्या मे महिन्यात आईच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा घडवून आणली आणि आईच्या आवडीची पांढरी कार्नेशन फुले तिथे पाठवली. तिच्या अथक पत्रव्यवहारातून १९१४ मध्ये अमेरिकेत मातृदिन अधिकृत झाला. त्यानंतर फुले आणि शुभेच्छापत्रे विकणाऱ्यांनी तो दिवस ताब्यात घेतला. ॲनाने उरलेले आयुष्य त्या बाजाराशी भांडण्यात घालवले, आपणच सुरू केलेला दिवस रद्द व्हावा म्हणूनही प्रयत्न केले आणि १९४८ मध्ये ती एका शुश्रूषागृहात निवर्तली. आज तो दिवस साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण दूध तपासणाऱ्या आणि क्षयरोग्यांच्या घरी माणूस पाठवणाऱ्या त्या बाईचे काम फारच थोड्यांना माहीत आहे. दिवस राहिला, फूल राहिले आणि काम विसरले गेले. ॲनाचे आईवरचे प्रेम यात कुठेही कमी पडले नव्हते, हे मला अधिक विचार करायला लावते.

तुमच्या भावाच्या पुरस्काराचे असेच होईल असे मी म्हणत नाही. पण आईने नेमके काय केले हे कुठेही लिहिलेले नसताना तिच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, तर पाच वर्षांनी तो घेणाऱ्याला त्या नावामागची बाई ठाऊक नसेल. स्मरणिकेतल्या लेखांचेही तसेच होते. ‘प्रेमळ, निःस्वार्थी, सदैव हसतमुख, सर्वांच्या हाकेला धावून जाणाऱ्या’ हे शब्द तुमच्या आईला लागू आहेत यात शंका नाही, पण ते शेजारच्या काकूंनाही लागू पडतील आणि त्यांच्या शेजारच्यांनाही. तुमच्या पत्रातली रक्तगटांची वही मात्र फक्त तुमच्या आईची आहे. ती वही कशी सुरू झाली, कुणाच्या प्रसंगात रक्त मिळाले नाही म्हणून की मिळाले म्हणून? नावे ती कशी मिळवत असे? गाव सोडून गेलेल्यांची नावे खोडत असे का? मध्यरात्री कुणाला उठवताना संकोच वाटत असे का, आणि वाटला तर पहिले वाक्य ती काय बोलत असे? या एका वहीवर तुम्ही चार पाने लिहिलीत, तर दहा गौरवलेखांपेक्षा ती चार पाने अधिक काळ वाचली जातील.

ही माहिती तुमच्या एकटीच्या आठवणीत नसणार, ती लोकांकडून मिळवावी लागेल. ज्यांना मदत झाली त्यांच्याकडे ‘दोन शब्द लिहून द्या’ असे मागू नका. लिहायला बसले की माणसे गौरवाच्या भाषेत शिरतात. त्यांच्याकडे जाऊन बसा, परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि वेळ द्या. सर्वांत वयस्क व्यक्तींपासून सुरुवात करा. प्रश्न असे विचारा की उत्तर हो किंवा नाही एवढ्यावर थांबणार नाही: आई पहिल्यांदा तुमच्याकडे कधी आली, तेव्हा घरात काय चालले होते, ती कुठे बसली, काय म्हणाली, तुम्हाला तिचे काय पटले नाही. हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण माणूस खरे बोलायला लागते ते बहुधा त्यानंतर. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला. चौघांना एकत्र बसवले की पहिल्याने सांगितलेला प्रसंग बाकीच्यांच्या आठवणीत मिसळतो. स्मृती ही जशीच्या तशी साठवलेली वस्तू नसते, आठवताना माणूस ती नव्याने रचत असते, हे इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच प्रयोगांतून मांडले आहे. म्हणून दोघांच्या सांगण्यात फरक आला तर कोण खोटे बोलते असा विचार करू नका. दोन्ही लिहून ठेवा आणि तारखा कागदपत्रांवरून पडताळून घ्या.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, आणि ती मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. लोक तुमच्या आईकडे येत ते तिच्या पोटात गोष्ट राहत असे म्हणून. कुणाचा नवरा मारत असेल, कुणी उसने पैसे नेले असतील, कुणाच्या मुलाला तिने गुपचूप व्यसनमुक्तीसाठी नेले असेल. ती गेल्याने या गोष्टी मोकळ्या झालेल्या नाहीत. एखाद्याने स्वतःहून सांगितले तरी छापण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवा, आणि होकार मिळाला तरी नाव बदलायचे का ते विचारा. त्या प्रसंगात दुसरी व्यक्तीही गुंतलेली असेल तर एकाचा होकार पुरत नाही. रक्तदात्यांच्या वहीतली पाने छायाचित्र म्हणून छापायचा मोह होईल, पण नावे आणि क्रमांक झाकल्याशिवाय ती छापू नका. तिच्या कपाटात पैशांच्या देण्याघेण्याची टिपणे सापडली तर ती भावंडांपुरतीच ठेवा. असे काही प्रसंग तुम्हाला पूर्णपणे सोडून द्यावे लागतील, आणि कदाचित तेच तिचे सर्वांत मोठे काम असेल. त्याचे दुःख बाळगू नका. तुमची बहीण ‘जाहीर सोहळा कशाला’ म्हणते त्यामागे अशीच काहीशी काळजी असू शकते, तिला एकदा विचारून पाहा.

कागद आणि आवाज यांचे काम मात्र लांबणीवर टाकू नका. आईने तुम्हा भावंडांना पाठवलेले आवाजी संदेश तुमच्या फोनमध्ये असतील तर ते बाहेर काढून निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस वापरले गेले नाही तर ते काढून टाकले जाते, गूगल दोन वर्षे न वापरलेले खाते पुसू शकते, आणि बंद पडलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. तिचा फोन चालू असेल तर त्यातले ॲप काढून न टाकता आधी आतले सगळे उतरवून घ्या. जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही उतरते. चिकटपट्टी कशालाच लावू नका. छायाचित्रातल्या माणसांची नावे सांगू शकणारी एखादी व्यक्ती अजून असेल, तर हे काम बाकी सगळ्याच्या आधी करा.

भावाशी बोलताना पुरस्काराला विरोध करून सुरुवात करू नका. त्याला एवढेच विचारा, की आई गेल्यापासून वसाहतीतले कोणते काम प्रत्यक्षात थांबले आहे. अर्ज लिहून द्यायला आता कुणी आहे का, वहीतली नावे कुणी अद्ययावत करते का, रात्री दवाखान्यात सोबतीला कोण जाते? न्यास नोंदवायचा म्हणजे विश्वस्त हवेत, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायला हवेत, आणि पहिल्या दोन वर्षांचा उत्साह ओसरल्यावरही ते करणारे माणूस हवे. त्याची तेवढी तयारी असेल तर त्याने जरूर करावे. पण वहीतल्या प्रत्येकाला फोन करून, त्याची संमती घेऊन, ती यादी कुणा जबाबदार व्यक्तीच्या किंवा जवळच्या रक्तपेढीच्या हाती सोपवणे हे काम तो याच महिन्यात सुरू करू शकतो, आणि त्याच्या स्वभावाला ते मानवेल असे वाटते. बहिणीला स्मरणिकेत लिहायचे नसेल तर तिला गळ घालू नका. छापण्याआधी संपूर्ण मजकूर वाचून ‘हे आईला आवडले नसते’ असे सांगण्याचा अधिकार तिला द्या, आणि तिने तसे सांगितले तर ते ऐका. सगळे लिहून झाल्यावर काही भाग छापील प्रतीत आणि काही भाग फक्त तिघांच्या घरी राहणाऱ्या प्रतीत, अशी विभागणीही करता येईल. सगळे सगळ्यांसमोर आलेच पाहिजे असे कुठे आहे?

तुमचे स्वतःचे प्रकरण कुठे घालावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण त्याबाबत माझे मत आहे. ते शेवटी, ‘मुलीचे मनोगत’ अशा मथळ्याखाली घालू नका, तिथे ते भावुक निरोपासारखे वाचले जाईल. दवाखान्यातल्या सोबतीचे प्रसंग जिथे येतील, त्यांच्या मध्येच ते येऊ द्या: शेजारणीने सांगितलेली ती रात्र, आणि लगेच त्याच रात्री तुमच्या घरात काय चालले होते ते. एखादा असा प्रसंग तुम्हाला जुळवता आला, तर त्या शेजारणीला तो छापण्यापूर्वी अवश्य वाचून दाखवा. तिलाही ती बाजू बहुधा पहिल्यांदाच कळेल.

राहिला स्मृतिदिन. पाच महिन्यांत हे सगळे होणार नाही, आणि ते व्हावे अशी घाईही करू नका. त्या दिवशी छापील पुस्तक हातात नसले तरी चालेल. जमलेल्यांसमोर वहीविषयीची तुमची चार पाने वाचा, मुलाखती कुणाकुणाच्या घ्यायच्या आहेत ती यादी मांडा, आणि ज्यांच्याकडे आईचे पत्र, छायाचित्र किंवा सांगण्यासारखा प्रसंग असेल त्यांनी भावाकडे नाव नोंदवावे, असे सांगा. येत्या आठवड्यात मात्र वसाहतीतल्या सर्वांत वयस्क दोघांकडे जाऊन या, आणि जाताना बहिणीला सोबत न्या.